किल्ले रायगडातला ‘ए’

माझा पोटापाण्याचा उद्योग भाषांतराचा आहे आणि तोही बऱ्यापैकी रुक्ष आहे: जुनी खरेदीखते, वाटणीपत्रे, फेरफाराचे उतारे, दाव्यांच्या निकालांच्या नकला. या कागदांत ‘मौजे’ हा शब्द मी आजवर किती वेळा टंकला असेल याची मोजदाद नाही. मौजे अमुक, तालुका हवेली, जिल्हा पुणे. त्याच कुळातले ‘कसबे पुणे’ आणि ‘परगणे’ जुन्या कागदांत भेटतात, आणि ‘किल्ले सिंहगड’ तर शाळेच्या सहलीपासून ओळखीचा आहे. गड एकच, मग ‘किल्ले’ हे अनेकवचन कशासाठी, असे मी चौथीत असताना बाईंना विचारले होते. ‘आदरार्थी’ असे उत्तर मिळाले आणि ते मला पुढची तीस वर्षे पुरले. त्या उत्तराविषयी शंका आली ती फारसी शिकू लागल्यावर, आणि तीही इतिहासाच्या नव्हे, कवितेच्या तासाला.

दोन वर्षांपूर्वी शनिवारी दुपारी सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या माडीवर आमचा वर्ग सुरू झाला. सर निवृत्त आहेत, फी घेत नाहीत आणि उशीर खपवून घेत नाहीत. विद्यार्थी पाच: मोडी कागद वाचणारे दोघे, गझला लिहिणारा एक तरुण, मी, आणि एक इराणी मुलगी, जी पुण्यात शिकायला आहे आणि आमच्या उच्चारांची करमणूक अनुभवण्यासाठी अधूनमधून येते. आम्ही ‘गुल’ आणि ‘दिल’ म्हणतो, ती ‘गोल’ आणि ‘देल’ म्हणते. सरांच्या मते आपल्याकडे आलेली फारसी जुन्या वळणाची असल्यामुळे तिच्यात जुने स्वर टिकून राहिले आहेत. त्या मुलीच्या मते आम्ही तिच्या पणजोबांसारखे बोलतो. दोघांचे म्हणणे बहुधा एकच असावे.

पहिल्याच महिन्यात मी वर्गाला हसवण्याचे काम केले. ‘दस्त-ए-रोजगार’ या शब्दांचे भाषांतर मी विश्वासाने ‘रोजगाराचा हात’ असे लिहून दिले. फारसीत ‘रोजगार’ म्हणजे दिवस, काळ, दैवाचे फिरते चाक. कामधंदा हा अर्थ आपण मराठीत वापरतो. सर म्हणाले, “अहो, हा हमी योजनेचा हात नव्हे, काळाचा हात आहे.” ती चूक शब्दाची होती, पण तिच्या निमित्ताने सरांनी जो तास घेतला तो त्या दोन शब्दांमधल्या ‘ए’वर होता, आणि तो तास माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

या ‘ए’ला इजाफत म्हणतात. इजाफत म्हणजे जोड, भर. महसुली मराठीतला ‘इजाफा’ याच घरचा. दोन शब्द या ऱ्हस्व स्वराने बांधले जातात: आधी मुख्य नाम, मग ‘ए’, मग त्याला जोडलेले दुसरे नाम किंवा विशेषण. ‘किताब-ए-मन’ म्हणजे माझे पुस्तक, ‘गुल-ए-सुर्ख’ म्हणजे लाल फूल, ‘शहर-ए-तेहरान’ म्हणजे तेहरान शहर. पहिल्या जोडीत मालकी आहे, दुसरीत गुण आहे आणि तिसरीत दोन्ही नावे एकाच वस्तूची आहेत: शहर म्हणजेच तेहरान. हा तिसरा प्रकार ऐकताना मला एकदम माझे कागद आठवले. मौजे वडगाव, म्हणजे वडगाव हेच मौजा. कसबे पुणे, म्हणजे पुणे हाच कसबा. किल्ले रायगड, म्हणजे रायगड नावाचा किल्ला. त्या ‘किल्ले’मधला ‘ए’ हा अनेकवचनाचा नसून इजाफतीचा आहे, हा उलगडा मला तरी पुरता पटला. ज्यांना आदरार्थी अनेकवचनच हवे आहे त्यांनी एवढेच सांगावे, की चार घरांच्या वाडीला महसूलखात्याने ‘मौजे’ म्हणून आदर कशासाठी दाखवला असता? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन कारभारातल्या कितीतरी यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. हा एकमात्रेचा ‘ए’ मात्र रायगडाला चिकटून राहिला.

आता कवितेकडे वळू. फारसी कवी ‘आतश-ए-इश्क’ म्हणतो तेव्हा व्याकरणाच्या दृष्टीने तो ‘किल्ले रायगड’च म्हणत असतो. आग नावाची वस्तू, आणि ती कोणती, तर प्रेम. ‘लअल-ए-लब’, माणिक, आणि ते कोणते, तर ओठ. ‘तीर-ए-मिजगान’, बाण, म्हणजे पापण्या. ‘कमंद-ए-जुल्फ’, फास, म्हणजे केसांच्या बटा (या जुल्फांचीच आपण झुलपे केली). फारसी व्याकरणकार या प्रकाराला उपमेची इजाफत म्हणतात, पण आपल्या अलंकारशास्त्राच्या हिशेबात ते सरळसरळ रूपक आहे, कारण ‘सारखे’ हा शब्द कुठेच नाही. ओठ माणकासारखे आहेत असे कवी सुचवत नाही. तलाठी ज्या निर्विकारपणे गावाचे नाव नोंदवतो, त्याच निर्विकारपणे तो माणकाचे नाव ‘ओठ’ असे नोंदवतो. रूपकाला इथे कसलीही वेगळी सजावट लागत नाही. मालकी, गुण आणि नाव सांगण्यासाठी जे दोरखंड रोज वापरात आहे, तेच कवी उचलतो.

‘दस्त-ए-रोजगार’ मात्र याहून वेगळे निघते आणि सरांनी त्याची जी परीक्षा सांगितली ती फारच सोपी आहे. इजाफतीच्या दोन टोकांमध्ये ‘सारखे’ घालून पाहावे. ओठ माणकासारखे: जमले. प्रेम आगीसारखे: जमले. काळ हातासारखा: जमत नाही. काळ हातासारखा नाही, तो हात असलेल्या कोणासारखा तरी आहे, आणि त्या ‘कोणा’चा उल्लेख कवीने गिळून टाकला आहे, फक्त त्याचा हात बाहेर दिसतो. याला फारसीत इस्तिआरेची, म्हणजे उसनवारीची, इजाफत म्हणतात. आपल्या शाळेच्या पुस्तकातली चेतनगुणोक्ती तिच्या जवळ बसते. ‘पंजा-ए-मर्ग’, मृत्यूचा पंजा. ‘गोश-ए-होश’, भानाचा कान. मराठीत ‘काळाच्या जबड्यात’ म्हणताना आपणही हेच करतो आणि जबडा कोणत्या जनावराचा याची चौकशी करत नाही.

इथवर पाहता कोणी म्हणेल की मराठीतला ‘चा-ची-चे’ हेच सगळे काम करतो. रामाचा हात, काळाचा हात, दुःखाचा डोंगर: मालकी, चेतनगुणोक्ती, रूपक, सगळे एका प्रत्ययात. हे खरे आहे; पण दोन ठिकाणी वाट फुटते आणि भाषांतर करणाऱ्याचा जीव तिथेच जातो.

पहिली गोष्ट क्रमाची. मराठीत उपमेय आधी येते आणि चित्र नंतर: प्रेमाची आग, आसवांचा पूर, मायेची पाखर. ऐकणाऱ्याला विषय आधी कळतो, मग त्याच्यावर चित्र येऊन पडते. फारसीत उलटे. ‘कमंद’ म्हटले की आधी शिकाऱ्याचा फास दिसतो. ‘ए’ ऐकू आला की कळते, अजून काही येणार आहे. ‘जुल्फ’ आले की फास विरघळून केस होतो. पुन्हा ‘ए’ आला आणि ‘यार’ म्हटले की ते केस कोणाचे तरी होतात. प्रत्येक ‘ए’पाशी मागचे चित्र बदलते. मराठीत हेच ‘सख्याच्या केसांचा फास’ असे उलटे गुंडाळावे लागते, आणि फास, ज्याने सुरुवात व्हायची होती, तो शेवटी येऊन बसतो. त्यातही एक बारीक भेद आहे. ‘दुःखाचा’ म्हणताच मराठी कानाला पुल्लिंगी काहीतरी येणार हे कळते, ‘दुःखाची’ म्हणताच खाई किंवा झळ चाहूल देते, ‘दुःखाचे’ म्हटले की सावट. आपला प्रत्यय येणाऱ्या चित्राचे लिंग आधीच फोडून टाकतो. फारसी ‘ए’ काहीच फोडत नाही. पुढे काहीतरी आहे एवढेच तो सांगतो.

दुसरी गोष्ट अधिक विलक्षण आहे: हा ‘ए’ सहसा लिहिलाच जात नाही. अक्षराखाली एक तिरकी रेघ द्यायची सोय आहे, पण छापील फारसीत ती क्वचितच दिसते. ‘आ’ किंवा ‘ऊ’ने संपणाऱ्या शब्दानंतर मात्र ‘ये’ लिहावा लागतो, उदाहरणार्थ ‘दर्या-ये-गम’, दुःखाचा समुद्र. एरवी दोन शब्द कागदावर नुसते शेजारी उभे असतात आणि त्यांना बांधायचे की नाही हे वाचकाने ठरवायचे. त्या तिरक्या रेघेचे नाव ‘जेर’, म्हणजे ‘खाली’. आपण एखाद्याला जेरीस आणतो तो याच शब्दाने, आणि मला त्या रेघेने शब्दशः जेरीस आणले. एकदा सरांनी फळ्यावर ‘गुल’ आणि ‘रुख’ एवढे दोनच शब्द शेजारी लिहिले आणि वाचायला सांगितले. मोडीवाल्या काकांनी ‘गुल-ए-रुख’ वाचले: गालाचे गुलाब, म्हणजे गुलाबासारखा गाल. गझलवाल्याने ‘गुलरुख’ वाचले, जोड न देता, एका दमात: जिचा गाल गुलाब आहे अशी व्यक्ती. अक्षरे तीच, एका वाचनात गालाचे वर्णन आहे आणि दुसऱ्यात अख्खे माणूस उभे राहिले आहे. मग सरांनी शब्दांची जागा बदलली, ‘रुख-ए-गुल’ केले, आणि आता खऱ्या गुलाबालाच गाल फुटला. इराणी मुलगी म्हणाली, “ओस्ताद, आम्ही विचार करत नाही, कानाला कळते.” तिचे ठीक आहे. मी पेन्सिलीने रेघा मारते आणि पुढच्या शनिवारी त्यातल्या निम्म्या खोडते.

कवींना ही मोकळीक किती सोयीची आहे हे वृत्तातही दिसते. फारसी छंदात इजाफतीचा स्वर गरजेप्रमाणे लघू किंवा गुरू धरता येतो. म्हणजे रूपकाचा सांधा पटकन ओलांडायचा की त्यावर रेंगाळायचे, हे कवी मात्रेने ठरवू शकतो.

वरचे ‘गुलरुख’ मात्र आपल्याला अजिबात परके नाही. माहरू, चंद्रमुखी, आहूचश्म, मृगनयना, संगदिल, पाषाणहृदयी. हा आपला बहुव्रीहीच आहे, उपमान आधी आणि अवयव नंतर हा क्रमदेखील तोच, आणि असे समास घडवण्याची खोड संस्कृत व जुन्या इराणी भाषा वेगळ्या होण्याआधीपासूनची आहे. फर्ग्युसनमध्ये फारसी शिकवलेले आणि १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध केलेले माधव जूलियन यांना ही दोन घरे आतून ठाऊक होती. त्यांनी खय्यामच्या रुबायांच्या एका मराठी अवताराला ‘द्राक्षकन्या’ हे नाव दिले. फारसीत मद्याला ‘दुख्तर-ए-रज’, म्हणजे द्राक्षवेलीची लेक, म्हणतात. इजाफत सोडवून समास बांधला की आधी असलेली मुलगी नंतर जाते आणि नंतरचा वेल आधी येतो, पण एका शब्दात मावण्याचा घट्टपणा टिकतो. ‘द्राक्षवेलीची लेक’ म्हटले असते तर ती लेक गावातली कोणीतरी वाटली असती. इजाफतीसाठी षष्ठी वापरायची की समास, हा प्रश्न मला दर ओळीला पडतो आणि माझा अनुभव असा, की चित्र घासून गुळगुळीत झालेले असेल तर समास बरा, ताजे असेल तर षष्ठीच हवी. कोणी असहमत असेल तर मी भांडणार नाही.

इजाफत आली कुठून याची हकीकत मात्र मला कवितेइतकीच आवडली. इसवी सनापूर्वी ५२० च्या सुमारास इराणचा सम्राट दारयवहुश, म्हणजे दारियस, याने बेहिस्तूनच्या कड्यावर लेख कोरवला. त्यात ‘कार ह्य मना’ अशी शब्दयोजना येते: सैन्य, जे माझे. आणि ज्या तोतयाला त्याने मारले त्याचा उल्लेख ‘गौमात ह्य मगुश’: गौमात, जो मगु, म्हणजे त्या पुरोहितवर्गातला. हा ‘ह्य’ संबंधी सर्वनाम आहे, आपल्या ‘जो-जी-जे’चा भाऊ; संस्कृत ‘यः’ आणि हा एकाच मुळाचे. मध्ययुगीन फारसीत त्याचा ‘ई’ झाला आणि पुढे झिजून हा ‘ए’ उरला. म्हणजे ‘आतश-ए-इश्क’ हे मुळात ‘आग, जी प्रेम’ असे छोटे वाक्य आहे, आणि ‘किल्ले रायगड’ हे ‘किल्ला, जो रायगड’. मालकीचा षष्ठी प्रत्यय म्हणून मी ज्याकडे पाहत होते, तो प्रत्यक्षात ‘जो’ आहे हे कळल्यावर रूपक इतक्या सहज का होते ते उमगले.

क्रियापदांकडेही ओझरते पाहायला हवे, कारण तिथे रूपक इतके मुरले आहे की बोलणाऱ्याला ते दिसेनासे झाले आहे. फारसी माणूस दुःख खातो, शपथ खातो, थंडी खातो (म्हणजे त्याला सर्दी होते), पराभव खातो, आणि पडला की जमीन खातो. हे ऐकून वर्गात हशा झाला, तेव्हा इराणी मुलीने विचारले की मराठीत काय काय खातात. आम्ही सांगू लागलो: मार, शिव्या, गटांगळ्या, हेलकावे, हाय, कच, भाव, हवा, पैसे, समोरच्याचे डोके. तिने वही मिटली.

खरा पेच सर्वनामांचा आहे. फारसीत लिंग नाही. ‘ऊ’ म्हणजे तो किंवा ती. शब्दाला चिकटणारा ‘अश’ म्हणजे त्याचा किंवा तिचा. क्रियापदही काही सांगत नाही. गझलेतला प्रियतम स्त्री आहे, पुरुष आहे, आश्रयदाता राजा आहे की परमेश्वर, हे शतकानुशतके मोकळे राहू शकले ते या व्याकरणाच्या बळावर. मराठीत ‘आला’ की ‘आली’ हे सांगितल्याशिवाय कोणाला दारातून आत येता येत नाही.

सध्या सरांनी गृहपाठाला १४व्या शतकातल्या शिराझच्या हाफिजच्या दिवानातली, म्हणजे काव्यसंग्रहातली, पहिली गझल दिली आहे. (बहमनी सुलतानाने त्याला दख्खनला बोलावले होते, तो होर्मुझपर्यंत आलाही आणि वादळ पाहून परतला, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. आला असता तर माझा गृहपाठ सोपा झाला असता असे मात्र नाही.) तिच्या दुसऱ्या शेराची दुसरी ओळ अशी आहे: ‘जे ताब-ए-जअद-ए-मुश्कीनश चे खून उफ्ताद दर दिलहा’. पहाटवारा त्या बटा, त्या ‘तुर्‍या’, मोकळ्या करील आणि कस्तुरी दरवळेल या आशेवर लोक बसले आहेत, असे पहिल्या ओळीत येऊन गेले आहे; तिथेही ‘बू’ हा शब्द वास आणि आशा अशा दोन्ही अर्थांनी उभा आहे. मग ही ओळ. ‘ताब’ म्हणजे केसांचा वळसा आणि ‘ताब’ म्हणजे होरपळ, तगमग. ‘जअद’ म्हणजे कुरळी बट, ‘मुश्कीन’ म्हणजे कस्तुरीची, काळी, गंधाची. पहिला ‘ए’ मालकीचा आहे, दुसरा गुणाचा. कान दोन्हींना सारखाच ऐकतो. शेवटी ‘अश’, त्याच्या किंवा तिच्या. आणि मग किती रक्त पडले काळजांत. हरणाच्या बेंबीपाशी रक्त साठून त्याची कस्तुरी होते असा जुना समज होता, त्यामुळे बटांतली कस्तुरी आणि काळजातले रक्त ही दोन्ही एकाच पदार्थाची रूपे ठरतात. गंमत म्हणजे रूपकाची अशी इजाफत या ओळीत एकही नाही. दोन साध्या जोडण्यांवर आणि एका दुहेरी शब्दावर हाफिजने सगळे पेलले आहे, आणि ‘लअल-ए-लब’चे हार ओवणाऱ्या पुढच्या कवींपेक्षा तो मला थोर वाटतो तो इथे.

माझ्या पहिल्या खर्ड्यात ‘तिच्या कस्तुरी बटांच्या तापाने’ असे होते. सरांनी ‘तिच्या’खाली रेघ ओढून विचारले, “कोणी सांगितले?” मी ‘त्याच्या’ केले, तेव्हा गझलवाल्याने भुवई उंचावली. शेवटी सर्वनाम काढून टाकले आणि नुसते ‘त्या बटा’ ठेवले, कारण तो ‘त्या’ बटांचा आहे, माणसाचा नाही. सर म्हणाले, “चोरी आहे, पण मराठीला परवडणारी आहे.” ‘ताब’ मात्र महिनाभर सुटत नव्हता. ताप म्हटले की वळसा जातो, वळसा म्हटले की तगमग जाते. परवा स्वयंपाकघरात ओला पंचा पिळताना शब्द सापडला आणि हात पुसून तिथेच किराण्याच्या यादीच्या मागे लिहून ठेवला. केसांना पीळ असतो आणि काळजालाही पीळ पडतो. या शनिवारी ओळ अशी घेऊन जाणार आहे: ‘त्या कस्तुरी बटांच्या पिळाने किती काळजांत रक्त साकळले’. ‘साकळले’वर सर काय म्हणतात ते पाहायचे आहे.